ज्या घरांची गाणी झाली

मे १९६७ मध्ये अमेरिकेत एक गाणं बाजारात आलं. लिहिलं होतं ‘द मामाज अँड द पापाज’च्या जॉन फिलिप्सनं आणि गायलं होतं त्याच्या जुन्या मित्रानं, स्कॉट मॅकेन्झीनं. सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्यांनी केसांत फुलं माळावीत, असं ते सांगत होतं. जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी या गावी मोठा संगीत महोत्सव भरायचा होता. हिप्पींचे लोंढे येऊन गावात धुमाकूळ घालतील अशी तिथल्या लोकांना धास्ती होती. ती कमी व्हावी आणि महोत्सवाचीही जाहिरात व्हावी, या हेतूनं हे गाणं झालं. परिणाम मात्र हेतूच्या पलीकडे गेला. गाणं जगभर वाजलं आणि आमंत्रणच ठरलं. त्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-अ‍ॅशबरी वस्तीत सुमारे एक लाख तरुण-तरुणी येऊन गेल्याचा अंदाज सांगितला जातो.

गाण्यात फुलं होती, मायाळू माणसं होती. पण आलेल्या पोरांनी रात्री पाठ कुठे टेकायची आणि संध्याकाळी खायचं काय, याचा त्यात पत्ता नव्हता. साठच्या दशकातल्या त्या सामूहिक घरांचा, कम्यूनचा विचार करताना मला हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्या पिढीनं आपलं आयुष्य जितकं गाण्यांतून मांडलं तितकं दुसऱ्या कशातूनही मांडलं नाही. मग एकत्र राहण्याचा एवढा मोठा प्रयोग त्या गाण्यांत कसा दिसतो? माझं मत असं की, बहुतेक गाण्यांनी त्या घरांचं उघडं दार दाखवलं. चुलीपाशी कोण उभं होतं, हे दाखवणारी गाणी फार थोडी आहेत. म्हणूनच ती मोलाची आहेत.

हेट-अ‍ॅशबरीत जुनी, दोन-तीन मजली, लाकडी नक्षीकामाची घरं ओळीनं उभी होती. महायुद्धानंतर पैसेवाली गोरी कुटुंबं उपनगरांत निघून गेली, भाडी उतरली आणि एकेका घरात आठ-दहा जण वर्गणी काढून राहू लागले. अ‍ॅशबरी रस्त्यावरचं ७१० नंबरचं घर त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. १९६६ च्या अखेरीपासून ‘ग्रेटफुल डेड’ हा वाद्यवृंद तिथे राहत होता. वादक, व्यवस्थापक, मैत्रिणी, आलेगेले, सगळे एका छपराखाली. २ ऑक्टोबर १९६७ रोजी पोलिसांनी तिथे गांजासाठी धाड घातली आणि ११ जणांना पकडलं. जेरी गार्सिया नेमका तेव्हा बाहेर गेला होता म्हणून वाचला. पुढच्या मार्चपर्यंत मंडळींनी ते घर सोडलंही.

त्याच वस्तीत ‘डिगर्स’ नावाचा एक गट होता. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पडीक जमीन सर्वांची म्हणून कसायला घेणाऱ्या बंडखोरांचं नाव त्यांनी घेतलं होतं. १९६६ च्या शरदात त्यांनी पॅनहँडल या लांबट बागेत रोज दुपारी चार वाजता फुकट जेवण वाटायला सुरुवात केली. वाटी-चमचा आपापला आणायचा, रंगवलेल्या एका मोठ्या लाकडी चौकटीतून पलीकडे जायचं आणि दुधाच्या मोठ्या कॅनमधून वाढलेला गरम रस्सा घ्यायचा. कॉफीच्या रिकाम्या डब्यांत भाजलेले गव्हाचे पाव असायचे. या गटाचा इतिहास लिहिला गेला तेव्हा एमेट ग्रोगन आणि पुढे नट झालेला पीटर कोयोट ही नावं ठळक झाली. पण पहाटे घाऊक बाजारात जाऊन उरलेला भाजीपाला मागून आणणं, तो निवडणं, चिरणं, शिजवणं ही कामं प्रामुख्यानं गटातल्या बायका करत होत्या. त्यांच्यावर कोणी गाणं केलं नाही.

६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्याच वस्तीत एक शवपेटी खांद्यावर घेऊन ‘हिप्पी’ची अंत्ययात्रा काढण्यात आली. ती काढणारे हिप्पीच होते. त्यांचं सांगणं होतं की आता इथे येऊ नका, जिथे आहात तिथेच काय बदल घडवायचा तो घडवा. शहर परवडेना, पोलीस सुखानं राहू देईनात, म्हणून बरेच जण खेड्यांकडे वळले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, सोनोमा परगण्यात लू गॉटलीब याची सुमारे ३० एकर जमीन होती. हा गृहस्थ ‘लाइमलायटर्स’ या नावाजलेल्या लोकगीत त्रयीतला, संगीतशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला. १९६६ मध्ये त्यानं आपली ‘मॉर्निंग स्टार’ ही वाडी सगळ्यांना खुली केली. नियम एकच, कोणालाही मज्जाव नाही. डिगर्सनी तिथे भाजीपाला लावला. हेटमधून बेघर पोरं येत राहिली, १९६७ च्या उन्हाळ्यात तर शेकड्यांनी आली. एवढ्या माणसांना पुरतील असे संडास नव्हते, पाण्याची नीट सोय नव्हती. आरोग्य खात्यानं खटले भरले, दंड झाले. तेव्हा १९६९ च्या मे महिन्यात गॉटलीबनं जमीन रीतसर देवाच्या नावे करून टाकली. न्यायालयानं निकाल दिला की देव ही कायद्याच्या दृष्टीनं व्यक्ती नाही, त्यामुळे तिच्या नावे जमीन होत नाही. दरम्यान अ‍ॅरिझोनातल्या एका बाईनं, देवाच्या मालकीची जमीन सापडली म्हणून, आपल्या घरावर वीज कोसळल्याच्या भरपाईचा दावा देवावर ठोकला होता. अखेरीस परगण्यानं बुलडोझर पाठवून तिथल्या झोपड्या पाडल्या.

गॉटलीबचा प्रयत्न मला प्रामाणिक वाटतो. मालकी हक्क सोडणं हे बोलण्याइतकं सोपं नसतं आणि त्यानं तो खरोखर सोडून दाखवला. पण मॉर्निंग स्टार बंद पाडण्याचं निमित्त सांडपाण्यातून मिळालं, ही गोष्टही तेवढीच खरी आहे. त्या काळातली कितीतरी घरं याच कारणापायी मोडली. भांडी, उष्टं-खरकटं, संडास आणि रात्री रडणारी मुलं या गोष्टी ‘ज्याला वाटेल तो करील’ या तत्त्वावर चालत नाहीत. ज्याला वाटतं तो दुसऱ्या महिन्यात थकतो, आणि बहुतेक ठिकाणी तो ‘ती’ असते.

गाणी मात्र या वाटेला जात नव्हती. त्या काळातलं घरावरचं सर्वांत लोकप्रिय गाणं ‘अवर हाउस’. १९७० च्या ‘देजा वू’ या तबकडीत ‘क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग’ यांनी ते दिलं. अनेकांना ते हिप्पी कम्यूनचं गीत वाटतं. वस्तुस्थिती अशी की ते दोघांचं घर आहे. ग्रॅहम नॅश आणि जोनी मिचेल लॉस एंजेलिसमधल्या लॉरेल कॅन्यनमध्ये राहत होते, एका सकाळी न्याहारी करून येताना जोनीनं फुलदाणी विकत घेतली, घरी आल्यावर नॅशनं शेकोटी पेटवायला घेतली, तेवढ्यावर ते उभं आहे. गाणं सुंदर आहे, पण त्यातला संसार जोडप्याचा आहे. जगाला एकत्र राहायला सांगणाऱ्या पिढीचं सर्वांत गोड घर चौकोनी कुटुंबाच्या जवळचं निघालं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

सामूहिक जीवनाचं स्वप्न मांडायचं झालं की गीतकार जमीन सोडून निघत. डेव्हिड क्रॉस्बी, पॉल कँटनर आणि स्टीफन स्टिल्स यांनी १९६८ मध्ये क्रॉस्बीच्या शिडाच्या होडीवर ‘वुडन शिप्स’ लिहिलं. अणुयुद्धातून वाचलेली, एकमेकांच्या शत्रुपक्षातली माणसं आपल्याजवळचं खाणं वाटून घेतात आणि लाकडी जहाजांतून दूर निघून जातात, असं त्याचं कथानक. कँटनर तिथेही थांबला नाही. १९७० च्या ‘ब्लोज अगेन्स्ट द एम्पायर’ या तबकडीत त्यानं हजारो तरुणांकरवी चक्क अंतराळयान पळवलं. रॉबर्ट हाइनलाइनच्या विज्ञानकथांतून त्यानं कल्पना घेतल्या होत्या आणि विज्ञानकथेच्या ह्यूगो पुरस्कारासाठी या तबकडीचं नामांकनही झालं. त्याचा ‘जेफरसन एअरप्लेन’ हा संच तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत २४०० फुल्टन स्ट्रीटवरच्या, १९६८ मध्ये विकत घेतलेल्या मोठ्या हवेलीत एकत्र नांदत होता. त्या हवेलीतल्या रोजच्या जगण्यापेक्षा त्याला यान अधिक गाण्याजोगं वाटलं. पृथ्वीवरचे प्रयोग डोळ्यांदेखत ढासळत असताना स्वप्न आकाशात न्यावंसं वाटणं मी समजू शकतो.

या सगळ्यांत एक गाणं निराळं आहे. ते सुरूच होतं घरातल्या कचऱ्यापासून.

मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रेट बॅरिंग्टन नावाचं गाव आहे. तिथलं एक जुनं, उपासना बंद झालेलं लाकडी चर्च १९६४ मध्ये अ‍ॅलिस आणि रे ब्रॉक या जोडप्यानं घेतलं. पैसे अ‍ॅलिसच्या आईनं दिले होते. रे जवळच्या स्टॉकब्रिज स्कूल या निवासी शाळेत सुतारकाम शिकवायचा, अ‍ॅलिस तिथे ग्रंथपाल होती. तिचं वय तेव्हा जेमतेम २३. दोघांनी चर्चमधली बाकं काढून टाकली आणि स्वतः घंटाघराच्या बाजूला बिऱ्हाड थाटलं. शाळेतली मुलं, त्यांचे मित्र, घरच्यांशी पटत नसलेली, पुढे काय करायचं ते ठरत नसलेली पोरं तिथे येऊन पडू लागली. त्यांना तिथे कोणी उपदेश करत नव्हतं आणि जेवण गरम मिळत होतं. त्यांत एक होता आर्लो गथ्री, प्रख्यात लोकगायक वुडी गथ्रीचा मुलगा.

२५ नोव्हेंबर १९६५, थँक्सगिव्हिंगचा दिवस. अ‍ॅलिसनं मोठी पंगत घातली. चर्चच्या तळमजल्यावर मोकळी जागा इतकी होती की कचरा बाहेर नेण्याची कोणाला गरजच वाटली नव्हती आणि त्याचा ढीग साठला होता. यजमानांचे उपकार फेडावेत म्हणून १८ वर्षांचा आर्लो आणि त्याचा एक मित्र यांनी तो फोक्सवॅगन गाडीत भरला. कचरा डेपोवर गेले तर सणामुळे तो बंद. मग स्टॉकब्रिजमधल्या एका उतारावर त्यांनी सगळा माल लोटून दिला. पोलीस प्रमुख विल्यम ओबनहाइन यांनी तो उपसला, त्यात नाव असलेला एक कागद सापडला आणि दोघं पकडले गेले. त्यांना सोडवून आणलं अ‍ॅलिसनंच. न्यायाधीश जेम्स हॅनन अंध होते, त्यामुळे पोलिसांनी जमवलेले फोटो त्यांना दिसणार नव्हते. प्रत्येकी २५ डॉलर दंड झाला आणि कचरा उचलायला लावला.

या घटनेतून जे गाणं झालं ते ‘अ‍ॅलिसेस रेस्टॉरंट मॅसॅक्री’. १८ मिनिटांहून लांब. गिटारवर एकच ठेका शेवटपर्यंत फिरत राहतो आणि त्यावर आर्लो गात कमी, सांगतच जास्त असतो, आपल्याकडे कीर्तनकार पूर्वरंग संपवून आख्यानाला लागतो तसा. मधूनच ध्रुवपद येतं आणि ते अ‍ॅलिसच्या खानावळीची जाहिरात असतं. स्टॉकब्रिजच्या मुख्य रस्त्यावर, किराणा दुकानाच्या मागे तिनं ‘द बॅक रूम’ नावाची छोटी खानावळ काढली होती. ती सुमारे वर्षभरच चालली. गाण्याचा पहिला अर्धा भाग जेवणं झाल्यावर गप्पा मारत बसल्या जागी सगळ्यांनी मिळून रचल्याचं अ‍ॅलिसनं पुढे सांगितलं आहे. हे ऐकलं की गाणं मला अधिक खरं वाटतं, कारण ते त्या घरातूनच उगवलं.

उत्तरार्धात आर्लो न्यूयॉर्कच्या व्हाइटहॉल स्ट्रीटवर सैन्यभरतीच्या तपासणीला जातो. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं. तिथे त्याच्या गुन्ह्यांची चौकशी होते आणि कचरा फेकल्याची शिक्षा निघते. रस्त्यावर कचरा टाकणारा माणूस गावं जाळायला पुरेसा सज्जन आहे का, असा प्रश्न तो उलट विचारतो. १९६७ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय रेडिओवर ते वाजलं, जुलैत न्यूपोर्टच्या महोत्सवात गाजलं आणि त्याच वर्षी तबकडी निघाली. युद्धाविरुद्धची शेकडो गाणी त्या काळात आली. हे एकच असं की त्याचा सगळा युक्तिवाद एका घरच्या जेवणावर आणि त्यानंतरच्या उष्ट्यावर उभा आहे. राज्यसत्तेला जाब विचारणारा माणूस आधी घरातला कचरा उचलतो, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

तरीही या गाण्यात अ‍ॅलिसची जागा किती आहे? नाव तिचं, ध्रुवपद तिचं, पण कथा आर्लोची. १९६९ मध्ये आर्थर पेननं त्यावर चित्रपट काढला. ओबनहाइन आणि हॅनन यांनी त्यात स्वतःच्याच भूमिका केल्या. त्यात अ‍ॅलिसचे परपुरुषांशी संबंध दाखवले गेले आणि तिला ते अजिबात मान्य नव्हतं, हे ती पुढे सांगत राहिली. पंचविशीत बाई डझनभर पोरांची आई होऊन बसली होती. ती खानावळ तिची स्वतःची होती, तीही गाण्यात आख्यानाचं निमित्त ठरली. ब्रॉक पतिपत्नी पुढे विभक्त झाले, चर्च विकलं गेलं.

एकत्र राहण्याची काळी बाजूही एका गाण्यातून पुढे आली. १९६८ मध्ये ‘बीच बॉइज’मधल्या डेनिस विल्सनच्या सनसेट बूलेव्हार्डवरच्या घरात चार्ल्स मॅन्सन आणि त्याच्या टोळीतल्या मुली येऊन राहिल्या. मॅन्सन स्वतः गाणी करायचा. त्याचं एक गाणं शब्द बदलून बीच बॉइजनी डिसेंबर १९६८ मध्ये तबकडीच्या दुसऱ्या बाजूला दिलं, श्रेय फक्त डेनिसचं. पुढे टोळी जिथे राहायला गेली त्या स्पॅन रँचवर त्या मुली बाजारांच्या मागे टाकून दिलेलं अन्न वेचून आणत आणि रांधत. ऑगस्ट १९६९ मध्ये मॅन्सनच्या सांगण्यावरून या टोळीनं खून केले, त्यानंतर आठवड्याच्या आत वुडस्टॉकचा महोत्सव भरला. ‘आम्ही एक कुटुंब’ हे शब्द एकाच्या तोंडी हुकूम होऊ शकतात, हे पुढे जगाला कळलं.

आपल्याकडे कम्यूनचं चित्र पोहोचलं तेही गाण्यातून, आणि या भीतीच्या अंगानं. काठमांडूत हिप्पींची वस्ती पाहून देव आनंदनं ‘हरे रामा हरे कृष्णा’ काढला. १९७१ चा हा चित्रपट. घर मोडलेली बहीण हिप्पींच्या घोळक्यात हरवते आणि भाऊ तिला शोधतो, अशी ती कथा. राहुल देव बर्मनच्या ‘दम मारो दम’ला आवाज होता सांगलीच्या आशाताईंचा, पडद्यावर झीनत अमान. धूर, माळा, डोलणारी डोकी, सगळं त्यात आहे. ती मंडळी दिवसभर काय करत, काय खात, हे नाही. गोव्यात हणजुणच्या किनाऱ्यावर त्याच सुमारास जी परदेशी पोरं उतरली, त्यांच्याकडे मराठी मध्यमवर्गानं पाहिलं ते याच गाण्याच्या चष्म्यातून. त्याच गोव्यात ‘एट फिंगर एडी’ या नावानं ओळखला जाणारा अमेरिकन येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकट जेवण घालत होता, ही बाजू आपल्या गाण्यात आली नाही.

आता व्हाश्टी बनयन. ही इंग्रज गायिका. लंडनच्या संगीतधंद्याला कंटाळून १९६८ मध्ये ती आपल्या जोडीदारासह घोडागाडीनं निघाली. गायक डोनोव्हननं स्कॉटलंडच्या स्काय बेटाच्या परिसरात जमीन घेतली होती आणि तिथे कलावंतांची वस्ती व्हायची होती. गाडी-घोड्याचे पैसेही त्यानंच उसने दिले. एक घोडी, एक कुत्रा आणि शेकडो मैलांचा रस्ता. वाटेत मिळेल ते काम करत, हिवाळ्याला थांबत, पोहोचेपर्यंत वर्ष उलटून गेलं. तोवर डोनोव्हन तिथून निघून गेला होता. वस्ती उरलीच नव्हती.

वाटेत तिनं गाणी केली होती. गवत, शेकोटी, उजाडणारा दिवस, मागे पडणारी गावं. ती डिसेंबर १९६९ मध्ये लंडनला ध्वनिमुद्रित झाली आणि पुढच्या वर्षी ‘जस्ट अनदर डायमंड डे’ या नावानं निघाली. तबकडी खपली नाही. बनयननं गाणं सोडलं, मुलं वाढवली, जनावरं सांभाळली. २००० साली ती तबकडी पुन्हा निघाली आणि नव्या पिढीनं ती डोक्यावर घेतली. न सापडलेल्या कम्यूनची ही गाणी मला त्या काळातल्या सगळ्या घोषणांपेक्षा जवळची वाटतात. त्यांत काम आहे. पाणी भरणं, जनावराला चारा घालणं, चालणं. गाणारी व्यक्ती आणि चूल पेटवणारी व्यक्ती इथे एकच आहे, त्यामुळे काय शिजतंय ते ती विसरत नाही.

अ‍ॅलिसलाही पुढे आपला शब्द सापडला. १९६९ मध्ये तिनं पाककृतींचं पुस्तक काढलं, नंतर आणखी दोन खानावळी चालवल्या, आणि १९७९ च्या सुमारास समुद्रकाठच्या प्रॉव्हिन्सटाउनला जाऊन चित्रं काढत राहिली. आर्लोच्या मुलांसाठीच्या एका पुस्तकाची चित्रंही तिचीच आहेत. आर्लोनं १९९१ मध्ये ते चर्च विकत घेतलं. आता तिथे गथ्री सेंटर आहे आणि थँक्सगिव्हिंगला गावातल्या कोणालाही फुकट जेवण मिळतं. अमेरिकेतली अनेक रेडिओ केंद्रं त्या दिवशी ते १८ मिनिटांचं गाणं अजूनही पूर्ण वाजवतात. अ‍ॅलिस ब्रॉक २१ नोव्हेंबर २०२४ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी वारली. थँक्सगिव्हिंगला तेव्हा एक आठवडा होता.